पोट वडिलांचे, सही मुलाची

उपनगरातील एका नर्सिंग होममध्ये वरिष्ठ सर्जनांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ६१ वर्षांच्या एका गृहस्थांच्या गुदाशयात गाठ आहे, बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे आणि येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली आहे. अहवाल मुलाच्या हाती दिला गेला. मुलाने वडिलांना ‘मूळव्याध वाढली आहे, छोटे ऑपरेशन आहे’ असे सांगितले असून डॉक्टरांनीही तेच सांगावे असा त्याचा आग्रह आहे. संमतिपत्रावर सही करण्यास तो तयार आहे आणि वरिष्ठ म्हणतात की मुलाची सही घ्या आणि पुढे चला. मुलाची सही कायद्याने पुरेशी आहे का, त्याच्या मनाविरुद्ध वडिलांना सांगितले तर आपण अडचणीत येऊ का, आणि वरिष्ठांनी सांगितल्यावर कनिष्ठाची जबाबदारी कितपत उरते, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी मुंबईत तीस वर्षांहून अधिक काळ पोटाच्या शस्त्रक्रिया करतो आहे. सुरुवातीची वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात गेली, नंतर खासगी. मी वकील नव्हे, त्यामुळे कायद्याबद्दल पुढे जे लिहितो ते रोजच्या कामात सर्जनला ठाऊक असावे इतपतच आहे. प्रकरण नोटिशीपर्यंत गेले असते तर मी तुम्हाला वकिलाकडेच जायला सांगितले असते. सुदैवाने अजून काहीच झालेले नाही आणि गुरुवारपर्यंत वेळ आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, व्यवहार समजतो आहे, तोपर्यंत त्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया करण्याची परवानगी त्याच्याखेरीज कोणी देऊ शकत नाही. मुलगा नाही, पत्नीही नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक सर्जनने एकदा तरी पूर्ण वाचावा. त्यातील ४४ वर्षांच्या अविवाहित रुग्ण महिलेने दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, तिच्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले की रुग्ण तात्पुरती बेशुद्ध होती, शुद्धीवर येण्याची वाट पाहता आली असती, जिवाला त्या क्षणी धोका नव्हता, म्हणून आईची संमती ही संमतीच नव्हे. शस्त्रक्रिया कौशल्याने झाली की नाही हा मुद्दा तिथे वेगळा राहिला. डॉक्टरांनी आपली फी गमावली आणि वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण तत्त्व तुमच्या प्रकरणाला जसेच्या तसे लागू होते. तिथे थिएटरबाहेर आई उभी होती, तुमच्याकडे काउंटरजवळ मुलगा उभा आहे.

मग इतके सगळे लोक नातेवाइकांची सही घेतात ते का? त्याला एक कारण आपल्याच नियमावलीत आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तणुकीच्या २००२ च्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वीच्या लेखी संमतीचे जे वाक्य आहे, त्यात पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालक, आणि मग ‘यथास्थिती’ रुग्ण स्वतः, असा क्रम आला आहे. म्हणजे ज्याचे पोट, तो रांगेत शेवटी. हे वाक्य वाचून अनेकांनी असा समज करून घेतला की जोडीदाराची किंवा घरच्यांची सही हीच मुख्य आणि रुग्णाची सही शोभेची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली, त्यामुळे २००२ चेच नियम आजही चालू आहेत. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वाक्याच्या क्रमावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून अवश्य घ्यावी, मीही घेतो. ती रुग्णाच्या सहीच्या जागी येत नाही, एवढेच.

आता कोणी म्हणेल की मग वडिलांचीच सही घेऊ, फॉर्म इंग्रजीत आहे, ते कुठे वाचणार आहेत? हे मी चेष्टेने लिहीत नाही. असे होताना मी पाहिले आहे, आणि तरुणपणी मी स्वतः केलेही आहे. १८७२ च्या करार कायद्यात संमतीची एक साधी व्याख्या आहे: दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणे म्हणजे संमती. वडील मूळव्याधीला हो म्हणत आहेत आणि तुम्ही गुदाशय काढणार आहात. कागदावर त्यांची सही असली तरी दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाही आहात. तेव्हा तुम्ही विचारलेला प्रश्न सहीचा असला तरी तुमची खरी अडचण सहीने सुटणारी नाही. अडचण अशी आहे की ज्याच्या शरीराची बातमी आहे त्याला वगळून ती सर्वांना कळली आहे, आणि ती तशी कळवणारे आपण डॉक्टरच आहोत.

यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आपण सगळा दोष मुलावर टाकून मोकळे होतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाल्यावर काय घडले असेल ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. रुग्ण गुंगीत पलंगावर, आणि दारातून हाक: ‘पेशंटबरोबर कोण आहे? जरा बाहेर या.’ पॅसेजमध्ये, पाण्याच्या पिंपाशेजारी उभे राहून दोन मिनिटांत मुलाला सांगितले गेले. त्या क्षणी तो एकटा होता, घाबरलेला होता, आणि आत परत जाऊन वडिलांना काय सांगायचे याचा विचार करायला त्याला दहा पावलांचे अंतर मिळाले. त्याने मूळव्याध हा शब्द निवडला, कारण त्याला तोच सुचला. आपण आधी नातेवाइकाला सांगतो याचे कारण, खरे बोलायचे तर, दयेपेक्षा भीती हे आहे. बिल नातेवाईक भरतो, वाद नातेवाईक घालतो, आणि काही विपरीत घडले तर काचा फोडायलाही नातेवाईकच येतो. २०१० मध्ये महाराष्ट्रात डॉक्टरांवरील व रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध कायदा झाला, तरी ती धास्ती गेलेली नाही. आजारी माणूस भांडत नाही, म्हणून त्याला विचारायचे राहून जाते.

दुसरा प्रश्न: वडिलांना सांगितले तर मुलगा तक्रार करू शकतो का? तक्रार अर्ज कोणीही करू शकतो, पण ती टिकण्यासारखे काही मला दिसत नाही. गोपनीयतेचा नियम रुग्णाच्या बाजूने आहे. रुग्णाची माहिती रुग्णाला सांगण्याने तो मोडत नाही. मोडलाच असेल तर त्याला न विचारता मुलाला सांगितली तेव्हा, आणि त्याबद्दल गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क वडिलांचा. २००२ च्या याच नियमांत एक समंजस वाक्यही आहे: डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताचे होईल इतके ज्ञान असेल याची काळजी घ्यावी. म्हणजे नातेवाइकांना सांगण्यास नियमांची सरसकट बंदी नाही. कर्करोगाला मूळव्याध म्हणणे मात्र ‘कमी करून सांगणे’ याच्याही पलीकडचे आहे.

नियम बाजूला ठेवून एक अनुभव सांगतो, कारण माझे मत निकाल वाचून बनलेले नाही. १९९० च्या सुमारास मी रेसिडेंट असताना आमच्या वॉर्डात लालबागच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ दाखल झाले. गिरणी कामगार, १९८२ च्या संपात काम सुटले ते सुटलेच, पुढे एका सोसायटीत रखवालदारी करीत. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. निदान तेच, तुमच्या रुग्णाचे आहे ते, फक्त गाठ आणखी खाली. धाकट्या भावाने आम्हाला बाजूला घेऊन विनवले की दादाला सांगू नका, तो हाय खाईल. आम्ही सांगितले नाही. ‘आतड्याला सूज आहे, काढून टाकू’ एवढे बोलून मीच त्यांची सही घेतली, इंग्रजी फॉर्मवर. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आमच्या सरांनी राउंडला सर्वांसमोर तसे म्हटलेही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी चादर सारली आणि पोटाच्या डाव्या बाजूला काढून ठेवलेले आतडे व त्यावरची पिशवी पाहिली. ती कायमची होती. त्यानंतर चार दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. पिशवी रिकामी करायला आलेल्या मावशींनाही हात लावू देईनात. पाचव्या दिवशी ड्रेसिंग करताना मला एवढेच म्हणाले, ‘डॉक्टर, पोट माझं होतं ना?’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना पुढे साधारण वर्षभर मिळाले. चाळीतील खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर होती. पत्नीच्या नावाची व्यवस्था करायची, गावाकडच्या सामाईक जमिनीचे भावाशी बोलायचे, हे सगळे ते ‘पुढच्या गणपतीत गावी गेलो की बघू’ म्हणून पुढे ढकलत राहिले, आणि पुढचा गणपती कदाचित नाही हे ज्यांना ठाऊक होते ते सारे घर गप्प बसून होते. नंतर कागदपत्रांसाठी त्यांच्या पत्नी दोनदा आमच्याकडे आल्या तेव्हा खोलीवरून चाललेला वाद त्यांनी सांगितला. भावाच्या मनात त्या वेळी काही काळेबेरे होते असे मला आजही वाटत नाही. त्याला खरोखरच दादाची काळजी होती. पण माणसाकडे किती वेळ आहे हे त्याच्यापासून लपवले की त्या वेळाचे काय करायचे हे ठरवण्याची संधीही जाते, हे मला त्या बाईंच्या पिशवीतल्या कागदांवरून कळले.

याचा अर्थ मी प्रत्येक रुग्णाला बसवून कर्करोग हा शब्द ऐकवतो, असे मात्र नाही. इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो आणि तो मान्य केला पाहिजे. गिरगावातील एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडे होत्या. त्यांना मी विचारले की तपासणीचे सगळे तुम्हाला सांगू का. त्या म्हणाल्या, ‘नाव घेऊ नका डॉक्टर. मला रात्री झोप लागली पाहिजे. जे काय असेल ते लेकीला सांगा, ती ठरवील.’ मी त्यांचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले, तारीख-वेळ घातली, सिस्टरची साक्ष घेतली. त्यानंतर त्यांना फक्त एवढे सांगितले की आतड्याचा कोणता भाग काढणार, शुद्धीवर आल्यावर अंगावर काय काय असेल आणि जिवाला धोका किती. एवढे ऐकायला त्या तयार झाल्या. त्यांनी सही केली आणि अखेरपर्यंत आम्ही दोघांनी तो शब्द उच्चारला नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण न ऐकण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता. तुमच्या रुग्णाच्या वतीने तो मुलाने घेतला आहे, वडिलांना असा काही निर्णय घ्यायचा आहे हे कळू न देता. माझ्या लेखी दोहोंतला फरक हाच आहे, आणि आजाराचे नाव पुसले तरी चालेल पण काय कापणार आणि मागे काय उरणार हे सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही, ही माझी रेघ आहे.

तेव्हा आधी मुलाशी बोला, आणि पॅसेजमध्ये नको. खुर्ची द्या, अर्धा तास राखून ठेवा, मोबाइल सिस्टरकडे द्या. ‘वडिलांना सांगणे तुमचे कर्तव्य आहे’ अशी सुरुवात केलीत तर तो हट्टाला पेटेल. त्याला विचारा की बाबांना कळले तर काय होईल अशी भीती वाटते. उत्तरे निरनिराळी येतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो. ‘हाय खातील’ हे सर्वांत नेहमीचे. ‘ऑपरेशनला नाही म्हणतील’ हे दुसरे. त्यावर सांगायचे की नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि समजून घेतलेली माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. कधी कळते की आत्याला किंवा मामाला हाच आजार झाला होता आणि त्यांचे हाल या घराने पाहिले आहेत. तेव्हा मुलगा वडिलांपेक्षा स्वतःच्याच आठवणीला भीत असतो. आणि क्वचित कळते की वडिलांनी पूर्वी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला होता. असे असेल तर मात्र थांबा, मानसोपचारतज्ज्ञांना आधी बोलवा, शस्त्रक्रिया काही दिवस पुढे गेली तरी जाऊ द्या. तिथेही उत्तर खोटे बोलणे हे नसते, पण केव्हा, किती आणि कोणाच्या सोबतीने सांगायचे हे बदलते.

त्यानंतर त्याला स्पष्ट सांगा: मी तुमच्या वडिलांवर बातमी लादणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटेही सांगणार नाही, मी आधी त्यांनाच विचारणार आहे की त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसावे असे मला वाटते. माझ्या अनुभवात या गोष्टी ऐकल्यावर बहुतेक मुलांचे खांदे खाली येतात. कारण ते खोटे पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचे त्यांनाच असते. शस्त्रक्रियेनंतर कदाचित केमोथेरपी लागेल. मूळव्याधीसाठी केमोथेरपी घेणारा माणूस कोणी पाहिला आहे? दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी, सीटी, पुन्हा कोलोनोस्कोपी. विभागाच्या दारावरच्या पाट्या असतात, शेजारच्या खुर्चीवर बसलेले रुग्ण बोलतात. आणि हे शहर असे की परळच्या दिशेला बोट दाखवून ‘टाटाला जा’ एवढे कोणी म्हटले तरी निदान सांगून झालेले असते.

वडिलांशी बोलताना सुरुवात प्रश्नाने करावी. ‘तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय समजले आहे?’ असे विचारून गप्प बसावे. ते गप्प बसणे तरुण डॉक्टरांना सर्वांत जड जाते. पुष्कळदा रुग्ण स्वतःच म्हणतो की साध्या मूळव्याधीला एवढ्या तपासण्या कोण करतो, मला कळले आहे, पण पोराला वाटते मला कळलेले नाही, म्हणून मी काही बोललो नाही. बाप मुलाला सांभाळत असतो आणि मुलगा बापाला, आणि दोघे रात्री एकाच खोलीत छताकडे बघत जागे असतात. तसे नसेल तर पुढचा प्रश्न: ‘काही जणांना सगळे तपशील हवे असतात, काहींना वाटते की डॉक्टरांनी घरच्यांशी बोलावे. तुम्हाला कसे बरे वाटेल?’ ते जे सांगतील तेवढेच उघडा. ‘गाठ’ या शब्दापासून सुरू करा, त्यांचा चेहरा पाहा, ‘चांगली नाही’ इथे थांबा, त्यांनी विचारले तर नाव सांगा. किती वर्षे, किती टक्के, हे विचारल्याशिवाय सांगू नका, आणि विचारले तरी गाठ काढून तपासल्याखेरीज आकडा देऊ नका. भाषेची काळजी घ्या. ते घरी मालवणी बोलत असतील आणि तुम्ही फॉर्मवरचे मराठी वाचून दाखवत असाल तर दोघांमध्ये पुन्हा एक भिंत उभी राहते. दुभाषा लागलाच तर तो मुलगा नसावा. तो शब्द गाळेल, आणि गाळल्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

काय सांगितले म्हणजे पुरेसे, याचे माप त्याच २००८ च्या निकालात आहे: उपचाराचे स्वरूप आणि उद्देश, त्याचा फायदा, दुसरे पर्याय असल्यास ते, लक्षात घेण्याजोगे धोके, आणि उपचार नाकारल्यास काय होईल. दूरचे, केवळ पुस्तकी धोके सांगून घाबरवण्याची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले आहे. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत लक्षात घेण्याजोग्या धोक्यांत गाठ काढून जोडलेल्या आतड्याचा सांधा गळणे येते, पोटावर तात्पुरती आणि वेळप्रसंगी कायमची पिशवी येते, आणि आपण संकोचाने जे नेहमी गिळून टाकतो तेही येते: या भागातील नसांना इजा झाल्यास लघवीवर आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. ६१ वर्षांच्या माणसाला याच्याशी काय करायचे आहे, असे ठरवणारे आपण कोण? हे मुलासमोर बोलू नका. त्याला पाच मिनिटे चहाला पाठवा.

अपवाद आहेत, पण ते तुमच्या प्रकरणाला लागू नाहीत. आतडे पूर्ण बंद पडून, संसर्ग अंगात भिनून, रुग्ण रात्री दोन वाजता बेशुद्धावस्थेत आला असता तर जीव वाचवण्यासाठी आवश्यक ते करण्याचा तुम्हाला अधिकार होता. लक्षात घ्या, तेव्हाही तो अधिकार मुलाच्या सहीतून येत नाही, तातडीच्या गरजेतून येतो. रुग्णाला स्मृतिभ्रंश असेल आणि सांगितलेले समजत किंवा टिकत नसेल तर कुटुंबाला निर्णयात घ्यावेच लागते. रुग्ण अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. ‘वय झाले’, ‘हळवे आहेत’, ‘फार शिकलेले नाहीत’ ही त्या यादीतील कारणे नाहीत.

सांगण्याचे आणखी एक कारण आपण सर्जन सहसा विचारात घेत नाही, कारण आपले लक्ष शस्त्रक्रियेवर असते. या वयात सांधा गळला, संसर्ग पसरला, व्हेंटिलेटर लागला, तर पुढच्या निर्णयांसाठी त्यांना विचारता येणार नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न या शहराने सर्वांत जवळून पाहिला आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग एका हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथेच अचेतन अवस्थेत होत्या, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. २०१८ मध्ये न्यायालयाने आपण बोलू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत आणि कोणाला विचारावे याचे इच्छापत्र आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत केली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. तुमच्या रुग्णाने गुरुवारच्या आत इच्छापत्र करावे असे मी म्हणत नाही. पण ‘तुम्ही बोलू शकला नाहीत तर आम्ही कोणाला विचारावे?’ एवढे त्यांना विचारून नोंद करून ठेवा. मूळव्याधीचे ऑपरेशन आहे असे समजणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारताच येत नाही.

आता तिसरा प्रश्न, वरिष्ठांचा. शस्त्रक्रिया करणारा सर्जन प्रथम जबाबदार, नर्सिंग होमही जबाबदार, हे खरे. तरीही फॉर्मवर ‘रुग्णास समजेल अशा भाषेत सर्व माहिती दिली’ अशी एक छापील ओळ असते आणि तिच्याखाली सही तुमची असते. ती ओळ खोटी आहे हे सही करताना तुम्हाला माहीत असेल, तर ‘सरांनी सांगितले’ हे स्पष्टीकरण मेडिकल कौन्सिलपुढे किंवा ग्राहक आयोगापुढे फार काळ टिकणार नाही. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ मध्येच ठरले आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि तिथे सर्वांत मोठा साक्षीदार केसपेपर असतो. रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. वडील उद्या बरे होऊन स्वतःचाच केसपेपर मागतील आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचतील, हे सरांच्या लक्षात आणून द्या.

ते एकट्यात सांगा, वॉर्डात किंवा मुलासमोर नको. ‘हे चुकीचे आहे सर’ यापेक्षा ‘सर, पेशंटशी मी बोलते, वीस मिनिटे लागतील, उद्या पिशवी पाहून त्यांनी गोंधळ घातला तर आपल्यालाच जड जाईल’ हे अधिक कानी पडते. बरेच वरिष्ठ यावर सुटकेचा श्वास टाकतात, कारण त्यांना ते बोलणे स्वतः करायचे नसते. तरी ते नाहीच म्हणाले तर संमती घेणारी डॉक्टर म्हणून सही करायला नम्रपणे नकार द्या आणि तुम्ही रुग्णाशी काय बोललात, काय बोलला नाहीत, हे तारीख-वेळ घालून केसपेपरवर सरळ भाषेत लिहा. रुग्णाला मध्येच सोडून जाऊ नका. सुरू केलेले उपचार पुरेशी सूचना न देता सोडणे हा वेगळा दोष होतो. यात तुमचे तिथले काम जाऊ शकते. माझे एकदा गेले होते, दोन महिने घरी बसलो होतो, आणि त्या काळात बायकोच्या पगारावर भागले हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गुरुवारच्या शस्त्रक्रियेबद्दल एक अगदी साधी गोष्ट. पिशवीची जागा आदल्या दिवशी पोटावर शाईने आखून ठेवायची असते, आणि ती झोपलेल्या रुग्णावर नीट आखता येत नाही. त्यांना उभे करावे लागते, खुर्चीवर बसवावे लागते, वाकायला सांगावे लागते, पोटाच्या वळ्या कुठे पडतात ते पाहावे लागते, पायजम्याची नाडी कुठे बांधता, मांडी घालून जेवायला बसता का, हे विचारावे लागते. जागा चुकली तर पिशवी गळत राहते आणि माणूस लोकलने प्रवास करायचा सोडतो. मुंबईत अशा रुग्णांची ऑस्टॉमी असोसिएशन आहे. पिशवी घेऊन वर्षानुवर्षे नोकरी केलेला एखादा माणूस तिथून येऊन त्यांच्याशी बोलला तर तुमच्या-माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. बुधवारी संध्याकाळी राउंड संपल्यावर मार्कर घेऊन त्यांच्याकडे जा, मुलाला शेजारच्या स्टुलावर बसवा, आणि ते विचारतीलच की मूळव्याधीच्या ऑपरेशनला पोटावर खूण कशासाठी. तिथून बोलायला सुरुवात करा.